अंतर नावाचा निर्णय

मोबाइलच्या पडद्यावरील नकाशात दोन ठिकाणांवर बोट ठेवले की क्षणार्धात एक आकडा उमटतो: २.४ किलोमीटर. दशांश चिन्हासह आलेला हा आकडा मोजपट्टीने मोजल्यासारखा ठाम दिसतो. प्रत्यक्षात तो मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. पृथ्वीचा आकार कसा मानायचा, तिची त्रिज्या किती धरायची आणि 'अंतर' या शब्दाचा अर्थ कोणता घ्यायचा, हे तो काढण्यापूर्वी कोणीतरी ठरवलेले असते. ठरवणारी व्यक्ती बहुधा एखादी विद्यार्थिनी, तरुण संशोधक किंवा नवखा प्रोग्रॅमर असते. हाताशी जावास्क्रिप्टच्या दहा-बारा ओळी असतात आणि त्या ओळींत नेमके काय गृहीत धरले आहे, याची जाणीव लिहिणाऱ्यालाही अनेकदा नसते.

भारतात हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नकाशे व भू-अवकाशीय माहितीसंबंधी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि बहुतांश कामांसाठी भारतीय संस्थांना लागणारी पूर्वपरवानगीची अट दूर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आले. एके काळी सरकारी कपाटात कुलूपबंद असणारा नकाशा आज महाविद्यालयीन प्रकल्पाच्या वेबपानावर सहज येऊन बसतो. दवाखाना किती दूर, पाणवठा किती जवळ, शाळा टप्प्यात आहे की नाही, याची उत्तरे तो देऊ लागला आहे. उत्तरे देणाऱ्याची जबाबदारीही त्याच्यासोबत आली आहे.

ही जबाबदारी एकेकाळी माणसे फार गांभीर्याने पेलत असत. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने सुमारे १२ किलोमीटर लांबीची आधाररेषा मोजावयास घेतली. साखळीने ती मोजण्यास ५७ दिवस लागले. त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण उभारत कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण पसरले. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, एवढाच त्यामागचा आधार होता. लॅम्बटन ते काम पूर्ण झालेले पाहू शकला नाही. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि तेथेच त्याची कबर आहे.

त्याच सर्वेक्षणात १८३१ मध्ये राधानाथ सिकदार हा विशीच्या आतला बंगाली तरुण रुजू झाला. त्याच्या पदाचे नाव होते 'कॉम्प्युटर'. तेव्हा या शब्दाचा अर्थ गणन करणारा माणूस असा होता. 'शिखर पंधरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पर्वताची निरीक्षणे शंभर मैलांहून अधिक अंतरावरून घेतलेली होती. प्रकाशकिरण वातावरणातून येताना वाकतो आणि एवढ्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभागही वाकतो. या दोन्ही वळणांचा हिशेब केल्यावर २९,००२ फूट हा आकडा निघाला आणि १८५६ मध्ये तो जाहीर झाला. त्याच शिखराला पुढे एव्हरेस्ट हे नाव मिळाले. आजच्या ८,८४८.८६ मीटर या मान्य उंचीशी तुलना केली तर फरक जेमतेम नऊ मीटरांचा आहे. एवढी अचूकता साधली, कारण त्या गणनेत कोणती दुरुस्ती केली आणि कोणती गृहीतके धरली, याची नोंद पानापानावर होती.

आजचा कॉम्प्युटर टेबलावर बसतो आणि सिकदारांना महिने लागले असते ते काम पापणी लवण्याआधी उरकतो. गृहीतके मात्र तो स्वतः धरत नाही, कोणीतरी दिलेली निमूटपणे पाळतो. ती कोणती, हे समजण्यासाठी वेबपानावरील नकाशा थरांनी उलगडून पाहावा लागतो.

सर्वांत वरचा थर सपाट पडद्याचा. येथे पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. दोन बिंदूंमधील आडवा व उभा फरक घेऊन त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की पिक्सेलमधील अंतर मिळते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'मॅथ डॉट हायपॉट' हे तयार फलन आहे. कोनासाठी 'एटॅन-टू' आहे आणि त्याला आधी उभा फरक व मग आडवा फरक द्यावा लागतो. शालेय आलेखाची सवय असलेला विद्यार्थी येथे दोनदा चकतो. एक म्हणजे पडद्यावर उभा अक्ष खाली जाताना वाढतो, त्यामुळे वहीत घड्याळाच्या उलट दिशेने वाढणारा कोन पडद्यावर घड्याळाच्या दिशेने वाढतो. दुसरे म्हणजे ही फलने अंशांत बोलत नाहीत, रेडियनमध्ये बोलतात. ९० अंशांची साइन १ असते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण रूपांतर न करता ९० ही संख्या साइन फलनाला दिली की उत्तर येते सुमारे ०.८९. अशी चूक फसवी असते, कारण उत्तर हास्यास्पद वाटण्याइतके दूर नसते.

त्याखालचा थर गोलाचा. अक्षांश-रेखांश हे आकडे दिसायला आलेखावरील निर्देशांकांसारखे असले तरी ते लांबी सांगत नाहीत, कोन सांगतात. अक्षांशाचा एक अंश भारतात कोठेही साधारण १११ किलोमीटरांच्या जवळपास असतो. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे जाताना आक्रसत जातो. कन्याकुमारीला तो सुमारे ११० किलोमीटर भरतो, श्रीनगरला सुमारे ९२. म्हणून अंशांच्या फरकावर थेट पायथागोरस लावणारा प्रोग्रॅम दक्षिणेत जवळपास बरोबर ठरतो आणि उत्तरेत पूर्व-पश्चिम अंतरे वीस टक्क्यांहून अधिक फुगवतो. चेन्नईत तपासलेली आणि तेथे निर्दोष वाटलेली गणना लेहमध्ये चुकावी, यात यंत्राचा काही दोष नाही.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा कंस असतो. तो काढण्यासाठी वेबवर सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र म्हणजे हॅव्हरसाइन. त्याची कृती थोडक्यात अशी. अक्षांशांतील फरकाच्या निम्म्याची साइन घेऊन तिचा वर्ग करायचा. रेखांशांतील फरकाच्या निम्म्याचेही तसेच करून त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांनी गुणायचे. या दोहोंच्या बेरजेच्या वर्गमुळाची व्यस्त साइन काढून ती दुप्पट केली की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन मिळतो. त्याला त्रिज्येने गुणले की अंतर. या सूत्राच्या नावात भारतीय वाचकासाठी एक ओळखीची खूण दडलेली आहे. हॅव्हरसाइन म्हणजे व्हर्साइनचा अर्धा भाग, आणि व्हर्साइन म्हणजे भारतीय ज्योतिर्गणितातील उत्क्रमज्या. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ज्यांतील फरकांच्या २४ किमती दिल्या. सूर्यसिद्धांतात ज्येच्या जोडीला उत्क्रमज्येचीही मूल्ये आहेत. ग्रहांच्या स्थानांसाठी घडवलेले हे साधन आज कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान किती दूर आहे, हे सांगण्याच्या कामी येते.

हेच अंतर व्यस्त कोसाइनच्या आणखी आटोपशीर सूत्रानेही निघते. मग हॅव्हरसाइनच का? कारण बिंदू अगदी जवळ आले की त्यांच्यातील कोनाची कोसाइन १ ला चिकटते आणि यंत्राला सांभाळता येणाऱ्या अंकांत तो सूक्ष्म फरक विरून जातो. सात-आठ अंकांपुरते हिशेब करणाऱ्या जुन्या यंत्रांत या सूत्राने जवळची अंतरे पार बिघडत. जावास्क्रिप्ट पंधरा-सोळा अंक सांभाळते, त्यामुळे तेथे अडचण काही मीटरांच्या आतच जाणवते. तरीही पूर्णांकनात ती किंमत १ च्या तसूभर वर गेली, तर उत्तर म्हणून 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे', असा शेरा मिळतो. दोन वेळा नोंदले गेलेले एकच घर स्वतःपासून किती दूर, असे विचारल्यावर प्रोग्रॅम गोंधळावा, याचे कारण हे असू शकते.

गोल मानला तरी त्याची त्रिज्या किती, हा प्रश्न उरतोच. लीफलेट ही मुक्त नकाशा-लायब्ररी ६,३७१ किलोमीटर ही सरासरी त्रिज्या धरते. गूगल मॅप्सच्या भूमिती-फलनांत काही वेगळे न सांगितल्यास ६,३७८.१३७ किलोमीटर ही विषुववृत्तीय त्रिज्या धरली जाते. श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर पहिल्या हिशेबाने सुमारे २,९०५ किलोमीटर येते, दुसऱ्याने सुमारे २,९०८. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी जास्त आहे. हा चपटेपणा धरणारी, थॅडियस व्हिन्सेन्टीने १९७५ मध्ये मांडलेली पद्धत वापरली, तर तेच अंतर सुमारे २,८९३ किलोमीटर भरते. शहर तेच, ठिकाणे तीच, सूत्रेही आपापल्या जागी निर्दोष. फरक केवळ पृथ्वी कशी मानली याचा. एक किलोमीटरमागे हा फरक चार-पाच मीटरांचा असतो आणि बहुतेक कामांत तो चालून जातो. चालवून घ्यायचा की नाही, हे मात्र कोणीतरी जाणीवपूर्वक ठरवायला हवे.

स्थाननिश्चितीतही अशीच गृहीतके लपलेली असतात. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांच्या मोजणीतून १८३० मध्ये जो लंबगोल ठरला, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या जीपीएसच्या 'डब्ल्यूजीएस ८४' या प्रमाणापेक्षा सुमारे ८६० मीटरांनी कमी होती. तो भारतीय उपखंडाच्या भूभागाला जवळून बेतलेला होता, संपूर्ण पृथ्वीला नव्हे. म्हणून जुन्या नकाशावरून उतरवलेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता वेबनकाशावर ठेवले, तर खूण शंभर मीटरांच्या घरात सरकू शकते. नदीकाठची विहीर मग पात्रात दिसू लागते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांना 'डब्ल्यूजीएस ८४' हा आधार दिला, त्यामागे हेही एक कारण आहे. यापेक्षा साधी, पण नित्याची गफलत क्रमाची. लीफलेटला आधी अक्षांश हवा असतो, तर जिओजेसन या माहितीच्या मांडणीत आधी रेखांश येतो. ही अदलाबदल झाली की पुणे नॉर्वेच्या उत्तरेकडील गोठवणाऱ्या समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक दशांशांची. अक्षांशाचे पाचवे दशांशस्थळ जमिनीवर सुमारे एक मीटर असते. मोबाइलने दहा दशांशस्थळे लिहिली म्हणून त्याला सूतभर जागाही अचूक कळली, असे होत नाही.

मग येतो नकाशाचा स्वतःचा स्वभाव. वेबवरील बहुतेक नकाशे मर्केटरच्या १५६९ मधील प्रक्षेपणावर बेतलेले आहेत. या प्रक्षेपणात लहान जागेतील कोन बिघडत नाहीत, चौकातील वळण काटकोनातच दिसते, म्हणून रस्त्यांच्या नकाशांना ते सोयीचे. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते. श्रीनगरजवळचे अंतर विषुववृत्ताच्या तुलनेत सुमारे २१ टक्के ताणलेले दिसते. पडद्यावरील पिक्सेल मोजून त्यांना एकाच प्रमाणाने गुणणारा प्रोग्रॅम म्हणूनच फसतो. मोठ्या पल्ल्यावर दिशाही फसवते. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम १६ अंशांवर निघतो, ध्रुवप्रदेशाच्या दिशेने चढतो आणि शेवटी जवळपास दक्षिणेकडे तोंड करून गंतव्याला पोहोचतो. त्या मार्गाला एकच दिशाकोन नाही, तो वाटभर बदलत जातो. नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा दिशा एकच ठेवते, पण ती जवळची वाट नसते.

येथपर्यंतचे सारे प्रश्न गणिताचे होते आणि गणितानेच सुटले. यापुढचा प्रश्न तसा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा कायदा २००९ मध्ये झाला. २०१० च्या केंद्रीय नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी मर्यादा घातली. नियमांतील शब्द 'चालत जाण्याचे अंतर' असा आहे. जेथे भूप्रदेश दुर्गम आहे, दरडी किंवा पूर यांची भीती आहे, रस्ता नाही, तेथे मुलांचा धोका टाळण्यासाठी ही मर्यादा आणखी कमी करावी, असेही नियम सांगतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना नदी, दरड आणि सहा वर्षांच्या मुलाची पावले दिसत होती. हॅव्हरसाइनला यांतले काहीही दिसत नाही. त्याला दिसतात केवळ चार संख्या.

महाराष्ट्रात या कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन अर्जात पालकांना नकाशावर घराची खूण करावी लागते. ती खूण आणि शाळेची खूण यांतील अंतर मग प्रवेशाच्या हिशेबात येते. अशा कोणत्याही व्यवस्थेत ९९० मीटर आणि १,०१० मीटर यांमधून सीमारेषा जाते. उंच इमारतींच्या गर्दीत मोबाइलची स्थाननिश्चिती तेवढ्याने सहज चुकू शकते. खूण इमारतीच्या फाटकावर ठेवली की मागच्या भिंतीवर, एवढ्यानेही मूल रेषेच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते.

सरळ रेषा आणि चालण्याची वाट यांत किती अंतर पडू शकते, याचे ठळक उदाहरण ब्रह्मपुत्रेच्या दोन काठांवर आहे. आसाममधील धुबडी आणि मेघालयातील फुलबारी ही गावे सरळ रेषेत वीस किलोमीटरांहूनही जवळ आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्यामधील पुलाची पायाभरणी झाली, तेव्हा सरकारनेच सांगितलेला रस्त्याचा वळसा २०५ किलोमीटरांचा होता. पुलाची नियोजित लांबी १९ किलोमीटर. पूल नसताना या काठावरून त्या काठावर जाण्याचा दुसरा मार्ग होडीचा. अशा ठिकाणी 'जवळचे रुग्णालय' शोधणारे वेबपान केवळ सरळ अंतरावर विसंबले, तर ते रुग्णाला पैलतीर दाखवील. सूत्रात एकही चूक नसेल आणि तरीही सल्ला घातक ठरेल.

यावर उपाय म्हणून सरळ अंतर टाकून देण्याचे कारण नाही. त्याला त्याचे नेमके काम द्यायला हवे. सरळ अंतराचा एक गुण निरपवाद आहे: जमिनीवरची कोणतीही वाट त्याहून लहान असू शकत नाही. म्हणून ते नकार खात्रीने देऊ शकते, होकार देऊ शकत नाही. सरळ अंतरच दीड किलोमीटर असेल, तर चालण्याचे अंतर एक किलोमीटर असणे अशक्य आहे. सरळ अंतर ८०० मीटर असेल, तर मात्र काहीच सिद्ध झालेले नसते. तपासणी तेथून सुरू होते. हजारो शाळांतून दूरच्या शाळा झटकन वगळायच्या आणि उरलेल्या मोजक्या शाळांसाठी रस्त्यांच्या जाळ्यावरून खरी वाट काढायची, ही पद्धत कमी खर्चाचीही आहे. वाट शोधण्याचा डाइक्स्ट्राचा १९५९ मधील अल्गोरिदम आणि १९६८ मधील 'ए-स्टार' यांना आज कित्येक दशके झाली आहेत. 'ए-स्टार' तर सरळ अंतराच्या याच गुणावर उभा आहे. लक्ष्य किमान इतके तरी दूर आहे, एवढेच तो सरळ अंतराला विचारतो, आणि बाकीचा शोध रस्त्यांवर घेतो.

रस्त्यांचे जाळेही परिपूर्ण नसते. पावसाळ्यात बुडणारी पायवाट, संध्याकाळी बंद होणारे रेल्वेफाटक, मुलींना एकटीने जाता न येणारी गल्ली यांची नोंद कोणत्याही नकाशात आपोआप होत नाही. तेथे गावातील माणसांना विचारणे हीच मोजणी ठरते. लॅम्बटनच्या माणसांनीही प्रत्यक्ष जमिनीवर साखळी ओढली होती, कारण पुढचे सारे त्रिकोण त्या ओढण्यावर टेकणार होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगवहीत उत्तराशेजारी एकक आणि त्रुटी लिहिण्याची शिस्त लावली जाते. वेबपानावरील अंतरालाही तीच शिस्त लागू आहे, आणि ती पाळण्यास दोन ओळी पुरतात: 'हे अंतर सरळ रेषेतील आहे, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून काढले आहे; चालण्याचे अंतर याहून अधिक असू शकते.' आकड्याखाली एवढे लिहिलेले असले, तर रेषेच्या पलीकडे राहिलेल्या मुलाच्या पालकांना निदान कशावर आक्षेप घ्यायचा, हे कळते. ते लिहिलेले नसले, तर त्यांच्यासमोर उरतो फक्त एक आकडा, आणि आकड्याशी वाद घालण्याची सवय फार थोड्यांना असते.